फिरस्त्याची वही

मराठीत फोटो काढला जातो. हिंदीत तो खेचला जातो, इंग्रजीत घेतला जातो. एकाच कृतीविषयीच्या तीन निरनिराळ्या समजुती या तीन क्रियापदांनी जपून ठेवल्या आहेत, असे मला नेहमी वाटत आले आहे. घेणाऱ्याकडे वस्तू जाते, खेचणाऱ्याला बळ लावावे लागते. काढणाऱ्याचे मात्र तसे नाही. आपण विहिरीतून पाणी काढतो, गाईची धार काढतो, पायातला काटा काढतो, लेकराची दृष्ट काढतो आणि गेलेल्या माणसाची आठवण काढतो. या सर्व प्रयोगांत जे बाहेर येते ते आधीपासूनच आत कोठेतरी असते आणि काढणाऱ्याने श्रम व कौशल्य खर्चून त्याला केवळ वाट करून दिलेली असते. (कर्जही काढतात, पण तो अपवाद आपण सोडून देऊ.) फोटोने हे क्रियापद चित्राकडून उसने घेतले हे उघडच आहे. तरीही ‘आठवण काढणे’ आणि ‘फोटो काढणे’ यांचे शेजार निव्वळ योगायोगाचे आहे, असे मानायला माझे मन तयार होत नाही.

नामाच्या बाबतीत मात्र आपली भाषा गोंधळलेली दिसते. कोशकारांनी ‘छायाचित्र’ दिले, काहींनी ‘प्रकाशचित्र’ सुचविले. एकाच वस्तूला एकाने सावली म्हटले व दुसऱ्याने उजेड म्हटले. दोघांचेही बरोबर आहे, कारण निगेटिव्हवर उजेडाची सावली होते आणि कागदावर त्या सावलीचा पुन्हा उजेड होतो. लोकांनी या दोन्ही शब्दांना नमस्कार करून ‘फोटो’ हाच शब्द ठेवला. जुन्या पिढीत ‘तसबीर’ आणि ‘छबी’ हेही शब्द होते, परंतु तसबीर हळूहळू देवाची झाली आणि छबी लावणीत जाऊन बसली.

या शब्दांशी माझी ओळख कोशातून झालेली नाही. माझे वडील फिरते फोटोग्राफर होते. १९७३ पासून २००७ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, उमरेड हे ठाणे धरून त्यांनी आसपासच्या तीन-चार तालुक्यांत फोटो काढले. त्यांचे दुकान नव्हते. गावात दोन स्टुडिओ होते. त्यांचे मालक बाबांना ‘बाहेरचा’ म्हणत आणि बाबा त्यांना ‘आतले’ म्हणत. या विनोदात थोडे दुःखही असावे, पण ते त्यांनी कधी उघड केले नाही.

ज्यांनी उमरेड पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे आवश्यक आहे. नागपूरच्या आग्नेयेस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेले हे गाव पूर्वी कोष्ट्यांच्या हातमागासाठी आणि रेशीमकाठी वस्त्रांसाठी प्रसिद्ध होते. पुढे कोळशाच्या खाणी आल्या. पूर्वेला भिवापूरची मिरची आणि त्यापलीकडे झाडीपट्टीचा धानाचा मुलूख सुरू होतो. या साऱ्यांना जोडणारी एक अरुंदमापी आगगाडी होती. ती इतवारीहून निघून कुही, उमरेड, भिवापूर या वाटेने नागभीडला जात असे. रुंदीकरणासाठी ती २०१९ मध्ये बंद झाली. ती इतकी सावकाश चाले की बाबा तिला ‘टाइम एक्स्पोझर’ म्हणत. त्या गाडीत ते सायकल चढवीत आणि ज्या स्थानकावर बाजाराचा दिवस असेल तेथे उतरत. आठवड्याचे सातही वार त्यांना गावांच्या नावांनी पाठ होते. वार विचारला तर ते बाजाराचे नाव सांगत.

त्यांचे साहित्य एका लाकडी पेटीत मावत असे. दोन भिंगांचा याशिका कॅमेरा, त्याची तिवई, पाच-सहा रोल, एक काळे कापड, एक कंगवा, एक हातआरसा, पावडरचा डबा आणि एक कोट. हा कोट लोकांसाठी होता. मापाने तो कोणालाच बसत नसे. बारीक माणसाला पाठीमागून चिमटे लावून आणि जाड माणसाला पुढची बटणे न लावता हात घडी घालून उभे करीत. माझ्या अंदाजाने उमरेड, कुही व भिवापूर या तालुक्यांतील शेकडो घरांच्या भिंतींवर तो एकच कोट निरनिराळ्या देहांवर टांगलेला असेल. समाजशास्त्राच्या एखाद्या अभ्यासकाने त्याचा प्रवास शोधून काढायला हरकत नाही. बोहल्यावर उभ्या राहिलेल्या नवऱ्याने, नोकरीचा अर्ज करणाऱ्या पोराने आणि कधी कोर्टाची पायरी चढावी लागलेल्या शेतकऱ्याने तो सारख्याच गांभीर्याने घातला होता.

१२० क्रमांकाच्या रोलवर चौकोनी असे बारा फोटो येत. रोल पूर्व जर्मनीचा ऑर्वो असे, किंवा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू. बारा ही संख्या आमच्या घराच्या अर्थशास्त्राचा पाया होती. अर्धा रोल धुता येत नाही. नऊ फोटो काढून बाबा परत आले आणि गिऱ्हाइकाला घाई असली, तर उरलेल्या तीन जागा भरून टाकाव्या लागत. आम्हा भावंडांचे बालपण त्या उरलेल्या जागांवर नोंदले गेले आहे. फोटोग्राफरच्या घरी स्वतःचेच फोटो नसतात, असे एक गोड वाक्य लोक म्हणतात. आमच्या बाबतीत ते साफ खोटे आहे. आमचे फोटो पुष्कळ आहेत, मात्र कोणत्याही प्रसंगाचे नाहीत. वाढदिवस नाही, सण नाही. आई तांदूळ निवडते आहे, मी दाराला टेकून उभा आहे, एवढेच. रोल संपविण्यासाठी काढलेले ते फोटो आज मला आमच्या घराचे सर्वांत खरे दस्तऐवज वाटतात, कारण त्यांत कोणी कोणासाठी उभे राहिलेले नाही.

रात्री स्वयंपाकघराची डार्करूम होई. चुलीसमोर गोधडी, खिडकीला काळे कापड, लाल दिवा आणि तीन थाळ्या. पहिल्या थाळीत कागदावर चेहरा उमटू लागला की बाबा हळूच म्हणत, “आली मावशी.” ते आकडे मोजीत नसत, नाव किंवा नाते घेत. दुसऱ्या दिवशीच्या भाजीला हायपोचा वास येतो, अशी आईची कायमची तक्रार होती. “अहो, माणसं जेवतात इथं,” ती म्हणे. बाबा म्हणत, “माणसंच धुतो आहे मी.”

हा व्यवसाय आपल्या समाजात कोठे बसतो याचा विचार मी पुष्कळ केला. आपल्याकडे छायाचित्रणाचा इतिहास सांगताना मुंबईपासून सुरुवात करण्याची रीत आहे आणि ती चुकीची नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत या कलेचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या पहिल्या पिढीतील नावे होत. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे दीनदयाळ १८७४ च्या सुमारास कॅमेऱ्याकडे वळले, सर लेपल ग्रिफिन यांच्याबरोबर बुंदेलखंड फिरले आणि पुढे निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. सावेदादा भाटवडेकरांचा मुंबईत स्टुडिओ होता आणि त्यातूनच १८९९ मधील त्यांचे कुस्तीचे चित्रण निघाले. दादासाहेब फाळके हे तर चित्रपटापूर्वी पुरते फिरस्ते होते. त्र्यंबकेश्वर, मुंबई, बडोदे, गोध्रा असा त्यांचा प्रवास झाला. गोध्र्यात त्यांनी फोटोग्राफर म्हणून व्यवसाय मांडला, प्लेगमध्ये पत्नी व मूल गमावले आणि ते गाव सोडले. पुढे १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून लागले. बडोद्यात असताना कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो या समजुतीने गिऱ्हाइके त्यांच्याकडे फिरकत नसत, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. बाबांनाही १९७० नंतरच्या काळात ही समजूत एक-दोन खेड्यांत भेटली होती. तिला ते हसत नसत. “अंगातलं काहीतरी जातेच,” ते म्हणत, “म्हणूनच तर बुढ्या माणसाचा फोटो मी एकदाच काढतो.” दुसऱ्यांदा फोटो काढला तर रोल वाया जातो, हेही एक कारण असावे.

परंतु राजे, दरबार आणि स्टुडिओ यांचा हा इतिहास बाबांच्या कुळाचा नव्हे. त्यांचे कूळ मला त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात सापडते, जरी त्यात फोटोग्राफर नाही. बलुतेदार व अलुतेदार यांच्या पलीकडे, गावात मुक्कामापुरते येणारे आणि गावाच्या उत्पन्नातून काही घेऊन जाणारे जे फिरस्ते आत्र्यांनी वर्णिले, त्यांत शे-दीडशे वर्षांपूर्वी आणखी एकाची भर पडली. त्यालाही गावात घर नाही, पण काम आहे. तोही ठरावीक दिवशी येतो. आत्र्यांची नजर या फिरस्त्यांविषयी पुष्कळदा कठोर आहे, त्यांना ते गावावरचा भार समजतात. चित्र घेऊन गावोगाव हिंडणारा आणि त्या चित्रावर कथा सांगणारा पिंगुळीचा चित्रकथी हा मला बाबांचा अधिक जवळचा पूर्वज वाटतो. फरक इतकाच की चित्रकथी लोकांना राम-रावण दाखवीत असे आणि बाबा लोकांना लोक दाखवीत. चित्रकथीची चित्रे त्याच्याबरोबर पुढच्या गावाला जात. बाबांची चित्रे मागे राहत. निदान राहावीत अशी अपेक्षा असे.

या अपेक्षेपाशी माझ्या लेखाचा खरा विषय सुरू होतो. फिरत्या फोटोग्राफरचा व्यवहार दोन भेटींचा असतो. पहिल्या भेटीत फोटो निघतो आणि अर्धे पैसे जमा होतात. दुसऱ्या भेटीत, साधारणतः पंधरा दिवसांनी, फोटो पोचतो व बाकी वसूल होते. मधल्या पंधरवड्यात गिऱ्हाईक कामासाठी दुसरीकडे जाते, बाजाराला येत नाही, भांडून माहेरी जाते, मरते. फोटो तयार असतो, माणूस भेटत नाही. असे न नेलेले फोटो बाबा फेकीत नसत. प्रत्येक फोटो स्वतंत्र पाकिटात घालून ते पुढच्या खेपेला, त्याच्या पुढच्या खेपेला, वर्षानुवर्षे बरोबर नेत. त्यांच्या मृत्यूनंतर अशी ३४३ पाकिटे आणि अकरा वह्या माझ्या वाट्याला आल्या.

गिऱ्हाइकाला ओळखण्यासाठी बाबा वहीत नोंद ठेवीत. बाजारात बाया स्वतःचे नाव परक्या पुरुषाला सहसा सांगत नसत, पुरुष सांगत तर एका गावात त्या नावाचे चौघे निघत. त्यामुळे नाव हे ओळखीचे निरुपयोगी साधन होते. त्याऐवजी बाबा एक ओळ लिहीत. त्यांतील काही ओळी येथे देतो. गावांची नावे मी मुद्दाम गाळली आहेत.

“हिरवे लुगडे, मिरच्या तोडून हात लाल, हात लपवते. २ प्रत. जमा १ रु.”

“बाप-लेक. बाप बसला नाही, म्हणे पोरगा बसू द्या. १ प्रत. जमा आठ आणे.”

“पटातली पांढरी जोडी. मालक फ्रेममध्ये नको, बैलच पाहिजेत. ३ प्रत, पूर्ण जमा.”

“बाबासाहेबांचा फोटो मांडीवर घेऊन म्हातारी. चष्मा काढ म्हटले तर नाही म्हणाली, त्यांनीही घातला आहे. १ प्रत मोठी. पैसे घेतले नाहीत.”

“दोघी जावा. हसू आवरत नाही. तीनदा थांबलो. बाकी २ रु.”

अशा सुमारे चार हजार ओळी आहेत. व्यक्तिचित्र, शब्दचित्र, रेखाचित्र या आपल्या वाङ्मयप्रकारांची नावे आपण चित्रकलेकडून घेतली आणि मग त्यांच्या व्याख्या करीत बसलो. वर्गात या व्याख्या शिकविताना मला या वह्यांची आठवण येते आणि मी ती विद्यार्थ्यांना सांगत नाही. बाबांना वाङ्मय निर्माण करायचे नव्हते. त्यांना पंधरा दिवसांनी बाजाराच्या गर्दीत एक माणूस ओळखायचा होता. माणसाचे नेमके काय लक्षात ठेवले म्हणजे तो पुन्हा ओळखता येईल, हा त्यांचा प्रश्न धंद्याचा होता, आणि माझ्या मते व्यक्तिचित्र लिहिणाऱ्याचाही मूळ प्रश्न तोच असतो. लुगडे बदलेल, पण हात लपविण्याची लकब बदलणार नाही, हे त्यांना कळत होते. पहिल्या दोन वह्यांत कपड्यांची वर्णने अधिक आहेत. तिसऱ्या वहीपासून ती कमी होत जातात आणि लकबी वाढतात. शैलीचा हा विकास मी एखाद्या नामांकित लेखकात दाखविला असता तर त्यावर शोधनिबंध झाला असता.

या वह्यांशेजारी मला दुसऱ्या एका नोंदवहीची आठवण होते. कंपनीचे राज्य जाऊन राणीचे राज्य आल्यानंतर ‘पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड निघाले (१८६८ ते १८७५). त्यांत या देशातील माणसांचे फोटो जाती-जमातींच्या वर्गवारीने छापलेले आहेत. आपल्या प्रांतापुरते पाहायचे तर रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे संशोधनमूल्य आजही कोणी नाकारणार नाही, मी स्वतः त्याचा उपयोग केला आहे. पण त्यातील फोटोंखालच्या ओळी वाचाव्यात. तेथे माणूस जातीचा नमुना म्हणून उभा आहे. त्याला दुसऱ्यांदा भेटून ओळखण्याची गरज संपादकांना कधी पडणारच नव्हती. फोटोची प्रत त्याला द्यायचीच नव्हती. एकदा भेटून निघून जाणाऱ्याची ओळ आणि पंधरा दिवसांनी परत येणाऱ्याची ओळ यांत अंतर पडते ते येथे.

बाबांच्या वह्या जातीपासून मुक्त आहेत, असा दावा मी करणार नाही. ‘टोलीवरची’, ‘कोष्टीपुऱ्यातला’, ‘वरच्या आळीचे’ असे शब्द त्यांत येतात आणि ज्याला आमच्या भागाची माहिती आहे त्याला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही. परंतु ते पत्ते म्हणून येतात. बाबासाहेबांचा फोटो मांडीवर घेतलेल्या म्हातारीच्या नोंदीत तिची वस्तीही दिलेली नाही. १९५६ च्या नागपूरच्या दीक्षा-सोहळ्यानंतर आमच्या भागातील बौद्ध कुटुंबांत समूहफोटोच्या मध्यभागी बाबासाहेबांची तसबीर धरून बसण्याची एक रीतच होऊन गेली. बाबांच्या निगेटिव्हांत असे फोटो पुष्कळ आहेत. अशा वेळी काचेवर उजेड चमकू नये म्हणून तसबीर किंचित खाली झुकवावी लागते. लोक ती झुकवू देत नसत. मग बाबा स्वतः जागा बदलीत, कधी कधी घराच्या पडवीतून निघून रस्त्यापर्यंत मागे जात.

सर्वांत कठीण काम मृत माणसाच्या फोटोचे. ज्याचा आयुष्यात एकही फोटो निघाला नाही त्याचा निदान गेल्यावर निघावा, म्हणून रात्री-अपरात्री सायकलवरून निरोप येई. “फोटोवाले भाऊ, चाला जी लवकर, माह्या बुढ्याले न्याची वेळ झाली.” प्रेताला खाटेला टेकवून बसविलेले असे, भोवती घरची माणसे. या फोटोंची बाकी बाबा मागत नसत आणि लोक ती हटकून आणून देत. डोळे उघडे दाखवून द्या, अशी मागणी होई तेव्हा ते बारीक शिसपेन्सिलीने बुबुळे काढीत. हे काम ते दिवसा, अंगणात बसून करीत. ते फोटो होते की चित्रे होती, छाया होती की प्रकाश, हा प्रश्न आमच्या विषयातील लोकांनी विचारावा. बाबांनी तो विचारला नाही.

१९९३ मध्ये निवडणूक आयोगाने मतदारांच्या छायाचित्र-ओळखपत्रांची योजना सुरू केली आणि फोटो ही हौसेची गोष्ट न राहता सक्तीची झाली. बाबांच्या धंद्याला सुरुवातीला त्याचा फायदाच झाला, कारण एकदा फोटोची सवय लागलेला माणूस दुसराही काढून घेतो. पण त्या वर्षापासूनच्या वह्यांत ओळी आखूड होत जातात. ‘पासपोर्ट ३’, ‘पासपोर्ट ६’. लकबी नाहीत. पुढे २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील टेंभलीतून आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले तेव्हा बाबा काम थांबवून बसले होते. वर्तमानपत्रातील तो फोटो पाहून ते एवढेच म्हणाले, “आता सरकार स्वतःच फिरते झाले.”

त्यांच्या अखेरच्या वर्षांतील कामाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला १९८८ मध्ये बसली. भंडारा जिल्ह्यातील आणि आमच्याकडील कुही तालुक्यातील अनेक गावांना ‘उठावे लागणार’ हे तेव्हाच ठरले, पण उठणे पुढे दोन-अडीच दशके चालले. या मधल्या काळात गावे धड वसलेली नव्हती आणि उठलेलीही नव्हती. पडलेली भिंत कोणी बांधीत नसे, नवे घर कोणी काढीत नसे. अशा गावांतून बाबांना बोलावणी येऊ लागली. लोकांना स्वतःचा फोटो नको होता. त्यांना घराचा हवा होता, दाराचा, विहिरीचा, चिंचेचा, मारुतीच्या पाराचा. बाबांनी तोपर्यंत माणसांशिवाय फोटो क्वचितच काढला होता. सहाव्या वहीपर्यंत रिकाम्या जागेची नोंद मला फक्त दोनदा आढळली. दहाव्या वहीत मात्र पानेच्या पाने अशी आहेत: “चूल. सारवून मग काढा म्हणाली. थांबलो.” “उंबरठा. कोणी नको.” “विहीर, आतून. वाकून काढला, दोघांनी पाय धरले.”

मराठीच्या अभ्यासकाला या परिसरात आणखी एक कारण अडकवून ठेवते. वैनगंगेच्या काठी कुही तालुक्यातच आंभोरा आहे. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’चे रचनास्थान हेच असल्याचे एक मत आहे आणि ते अंबेजोगाईच्या बाजूने खोडणारेही आहेत. या वादाचा निकाल लावण्याचे माझ्याजवळ साधन नाही. परंतु शके १११० मधील एका ग्रंथाचे स्थान ठरविण्यासाठी आपण एकेका ओवीतील शब्दाचा कीस काढतो आणि त्याच नदीकाठी आपल्या हयातीत पाण्याखाली गेलेल्या गावाची चूल कोणत्या दिशेला होती याची नोंद एका सायकलवाल्या फोटोग्राफरच्या वहीवाचून कोठेही नाही, ही गोष्ट मला संशोधक म्हणून अस्वस्थ करते. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीतील आपला प्रवास पंचवीसएक वर्षांनंतर केवळ स्मरणाने लिहिला आणि आज आपण त्याला इतिहासाचे साधन म्हणतो. भटजींजवळ कॅमेरा नव्हता, दक्षिणेची अपेक्षा होती. बाबांजवळ कॅमेरा होता आणि बाकी वसूल करण्याची अपेक्षा होती. दोघेही पोटासाठी निघाले होते, हे विसरून चालणार नाही.

आंभोऱ्याला अलीकडे नदीवर केबलच्या आधाराचा भव्य पूल झाला आहे आणि सुटीच्या दिवशी तेथे शेकडो माणसे स्वतःचे फोटो काढतात. माझी त्याविषयी तक्रार नाही. ज्यांचे आजोबा परक्याचा कोट घालून एकदाच उभे राहिले, ती नातवंडे आज दिवसातून वीसदा स्वतःकडे पाहतात, यात मला काही वाईट दिसत नाही. आमच्या दुसऱ्या बाजूला २०१२ मध्ये उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य झाले आणि तोफेसारखी भिंगे घेतलेले नव्या प्रकारचे फिरते छायाचित्रकार गावात दिसू लागले. ‘जय’ नावाचा वाघ तेथे विख्यात झाला आणि २०१६ मध्ये दिसेनासा झाला. त्याचे हजारो फोटो आहेत. २०२४ च्या अखेरच्या दिवशी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी घेरले व त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला घ्यावी लागली. क्रियापदांची गोष्ट मी आरंभी काढली ती या ठिकाणी मला उपयोगी पडते: त्या दिवशी तेथे फोटो काढले जात नव्हते, घेतले जात होते. सगळेच फिरते छायाचित्रकार तसे नसतात. अकोल्याकडचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे परत परत जाऊन जे काम केले, ते पाहिले की पंधरा दिवसांनी परत येणाऱ्यांचे कूळ अजून संपलेले नाही हे कळते.

आता या ३४३ पाकिटांचे काय करावे, हा प्रश्न उरतो आणि तो माझ्यापुरता तातडीचा आहे. आमच्या महाविद्यालयातील काही उत्साही विद्यार्थ्यांनी ती सर्व संगणकावर चढवून प्रदर्शन भरविण्याचे सुचविले. सूचना चांगली आहे. एका स्नेह्यांनी तर पुस्तकाची कल्पना मांडली, डावीकडे वहीतील ओळ आणि उजवीकडे फोटो. ही कल्पना ऐकताना मला मोह झाला हे नाकारत नाही. परंतु या फोटोंचे अर्धे पैसे जमा आहेत. अर्धे पैसे दिलेली वस्तू विकणाऱ्याची की घेणाऱ्याची, याचे उत्तर बाबांनी चौतीस वर्षे ती पाकिटे वाहून दिलेले आहे. रोलां बार्थ यांनी १९८० मध्ये छायाचित्रावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा सारा डोलारा त्यांच्या आईच्या लहानपणीच्या एका फोटोवर उभा आहे आणि तो फोटो मात्र त्यांनी ग्रंथात छापलेला नाही. तो इतरांसाठी एक साधा फोटो ठरेल, असे त्यांचे म्हणणे. ते वाचताना मी त्यांच्याशी सहमत होतो. पण त्यांचा फोटो त्यांच्या स्वतःच्या आईचा होता. माझ्याजवळ आहेत त्या दुसऱ्यांच्या आया.

म्हणून गेली तीन वर्षे मी रविवारी पाकिटे पोचविण्याचा प्रयत्न करतो आहे. पाकिटावर गाव आहे, वर्ष आहे, ओळ आहे. निम्मी गावे जागेवर नाहीत. त्यांची माणसे पुनर्वसनाच्या गावठाणांत, उमरेडच्या कडेला, नागपूरच्या बांधकामांवर विखुरली आहेत. तरीही आतापर्यंत ५८ पाकिटे पोचली. ओळ वाचून दाखविली की म्हाताऱ्या बाया फोटो न पाहताच नाव सांगतात. “हात लपवते म्हन्ता? ते तं आमची थोरली.” मिरच्या तोडणारी ती थोरली जाऊन बारा वर्षे झाली होती. तिच्या मुलीने फोटो पाहिला आणि आधी हात पाहिले. हात फोटोत दिसत नव्हते.

सर्वांनाच फोटो हवे असतात असे नाही. एका गावठाणात एका गृहस्थांनी पाकीट उघडून पाहिले, पुन्हा बंद केले आणि मला परत दिले. “सर, हे घरात ठेवता येत नाही आता,” एवढेच ते म्हणाले. फोटोत त्यांच्या शेजारी कोण होते हे मी विचारले नाही. ते पाकीट मी वेगळे ठेवले आहे. एकाने बाकीचे दोन रुपये देण्याचा आग्रह धरला व पन्नासची नोट पुढे केली. माझ्याजवळ सुटे नव्हते, तेव्हा त्यांनी शेजारच्या दुकानातून दोन रुपयांचे नाणे आणून दिले. ती जमा मी अकराव्या वहीत लिहिली आहे. त्या वहीत सात पाने कोरी आहेत.

दर महाशिवरात्रीला आंभोऱ्याला यात्रा भरते आणि उठलेल्या गावांची माणसे कोठूनही तेथे येतातच. यंदा मंदिराच्या वाटेवर एक सतरंजी टाकून उरलेली २८४ पाकिटे मांडून बसण्याचा माझा विचार आहे. फोटो पाकिटातच राहतील. ओळी तेवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून वर लावण्याचे काम एम.ए. भाग दोनच्या चार विद्यार्थिनींनी अंगावर घेतले आहे. त्यांपैकी एकीचे आजोळ बुडालेल्या गावांतले आहे. ती सध्या दहावी वही उतरवून काढते आहे.